‘प्रतिकार’ मोजायच्या आधी हा जुना निबंध वाचा



पीएच.डी.ची तयारी करणाऱ्या चौघांनी गेल्या महिन्यात मला आपापले सिनॉप्सिस वाचायला पाठवले. एकाचा विषय शाळा, एकीचा ग्रामीण रुग्णालय, दोघांचा कृषी विभाग. पण उद्दिष्टांच्या यादीत चौघांचंही एक वाक्य जवळपास सारखंच होतं: ‘कर्मचाऱ्यांचा बदलास असणारा प्रतिकार अभ्यासणे.’

वाचून मला हसू आलं, कारण माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये हेच वाक्य होतं. त्या एका शब्दापायी माझे सात-आठ महिने गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून आज एका निबंधाचं परीक्षण करते. तो १९४८ सालचा आहे. ‘बदल व्यवस्थापन’ या नावाखाली आज जे काही शिकवतात त्यातल्या बऱ्याच गोष्टींचं मूळ त्यात सापडतं. त्याचा उल्लेख सगळे करतात, पण तो पूर्ण वाचलेले कमी भेटतात. मीही बरीच वर्षं त्याचा सारांशच वाचला होता.

आधी माझा विषय थोडक्यात

मी मूळची प्राणीशास्त्राची. आमचं गाव हिवरा आश्रमच्या परिसरातलं, तालुका मेहकर. घरी बैलजोडी, दोन गाई. त्यामुळे जनावरांचा दवाखाना लहानपणापासून पाहिलेला. माझा अभ्यास दवाखान्यातल्या डॉक्टरांवर नाही, त्यांच्यासोबत काम करणाऱ्यांवर आहे. कामाची पद्धत बदलते तेव्हा या माणसांच्या हातात नेमकं काय बदलतं, हा माझा प्रश्न.

या विषयावरचं परदेशी वाङ्मय ‘व्हेटर्नरी नर्स’ या नावाखाली सापडतं. ब्रिटनमध्ये रॉयल कॉलेज ऑफ व्हेटर्नरी सर्जन्सने १९६१ साली अशा सहायकांचं प्रशिक्षण सुरू केलं. सुरुवातीला त्यांना ‘नर्स’ म्हणत नसत, ते नाव १९८४ पासून आलं. आपल्याकडे असं पदच नाही. काम मात्र आहे, आणि ते तीन-चार पदांत वाटलेलं आहे: पशुधन पर्यवेक्षक, व्रणोपचारक (ज्याला सगळे ड्रेसर म्हणतात) आणि परिचर. श्रेणी-१ दवाखान्यात पशुधन विकास अधिकारी, म्हणजे पदवीधर पशुवैद्यक, प्रमुख असतात. श्रेणी-२ दवाखान्याचा भार पर्यवेक्षक किंवा सहायक पशुधन विकास अधिकाऱ्यावर असतो.

कोणी काय करायचं याची चौकट भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ च्या कलम ३० मध्ये आहे. पदविकाधारकाला राज्य सरकारच्या आदेशाने ‘किरकोळ पशुवैद्यकीय सेवा’ देता येतात, पण नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली आणि निर्देशाखाली. लसीकरण, खच्चीकरण, जखमेची मलमपट्टी ही कायद्यातच दिलेली उदाहरणं. ही चौकट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

माझी चूक

सप्टेंबर २०१९ मध्ये राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेलोसिससाठी. त्यासोबत जनावराच्या कानात बारा अंकी क्रमांकाचा बिल्ला आणि प्रत्येक लसीची संगणकीय नोंद या गोष्टींना जोर आला. पुढे त्याचं ‘भारत पशुधन’ ॲप झालं. १ जून २०२४ पासून राज्यात बिल्ला नसलेल्या जनावराच्या खरेदी-विक्रीवर आणि सरकारी दवाखान्यातल्या उपचारांवर बंधन आलं. म्हणजे पूर्वी ज्या माणसाचं काम जनावर धरणं, जखम धुणं, लस टोचणं एवढं होतं, त्याच्या कामात नोंद आली.

मी प्रश्नावली केली. पाच बिंदूंची श्रेणी, नेहमीसारखी. त्यातलं एक विधान होतं: ‘नवीन नोंदणी पद्धत वापरताना मला अडचण वाटते.’ तालुक्यातल्या एका दवाखान्यातल्या ड्रेसरकाकांनी ‘पूर्ण सहमत’ सांगितलं. मी पाच गुण लिहिले. पाच म्हणजे प्रतिकार जास्त. फॉर्म गुंडाळताना सहज विचारलं, “काका, पद्धत आवडली नाही का?”

ते म्हणाले, “पद्धत चांगलीच हाये ना ताई. कोणत्या जनावराले कोणती लस देली ते समजते. पण बैलाचं डोकं धरू का मोबाइल धरू? अन् रेंज तं तुम्हाले माहीतच हाये.”

मी घरी येऊन पायलटचे सगळे फॉर्म परत काढले. माझं एकच विधान दोन गोष्टी एकत्र मोजत होतं: माणसाची इच्छा आणि कामाची रचना. ज्याला पद्धत पटलेली आहे आणि ज्याला ती नकोच आहे, दोघांनाही पाचच गुण मिळत होते. सांख्यिकीचं कुठलंही सॉफ्टवेअर ही चूक दुरुस्त करू शकत नाही. चूक विधानात होती, आणि विधान आलं होतं ‘प्रतिकार’ या शब्दातून.

मग तो शब्द आला कुठून, हे शोधत मी त्या निबंधापर्यंत पोचले.

निबंधात काय आहे

लेस्टर कॉच आणि जॉन फ्रेंच यांचा हा निबंध ‘ह्युमन रिलेशन्स’ या नियतकालिकाच्या पहिल्याच खंडात आला. शीर्षकाचा अर्थ ‘बदलाच्या प्रतिकारावर मात’. ठिकाण अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातलं मॅरियन, हारवूड कंपनीचा पायजमे शिवण्याचा कारखाना. कॉच तिथल्या कामगार विभागातले, फ्रेंच मानसशास्त्रज्ञ. दोघांच्या मागे कुर्ट लेविन यांचं काम होतं.

अडचण अशी होती: काम बदललं की उत्पादन घसरायचं, तक्रारी वाढायच्या, लोक नोकरी सोडायचे. बदल मात्र छोटे होते. एका गटातल्या अठरा इस्त्रीवाल्या कामगारांना तयार कपडे अर्धा-अर्धा डझन करून सपाट पुठ्ठ्यावर रचायची सवय होती. आता ते खोक्यात रचायचे, बस एवढंच.

संशोधकांनी तीन प्रकार करून पाहिले. पहिला नियंत्रण गट, म्हणजे हेच अठरा जण. दुसऱ्या गटात घडी घालणारे तेरा, त्यांनी प्रतिनिधी निवडून त्यांच्यामार्फत सहभाग घेतला. तिसऱ्या प्रकारात तपासणी करणाऱ्यांचे दोन छोटे गट, आठ आणि सात जणांचे, आणि त्यातल्या प्रत्येकाचा सहभाग.

निकाल ठळक आहे. बदलाआधी ताशी साठ नगांच्या आसपास काम होतं. नियंत्रण गट पन्नासच्या आसपास घसरला आणि तिथेच राहिला. पहिल्या चाळीस दिवसांत त्यातल्या सतरा टक्के लोकांनी नोकरी सोडली. पूर्ण सहभागाचे गट काही दिवसांत सावरले आणि जुन्या पातळीच्या सुमारे चौदा टक्के वर गेले. कोणी सोडून गेलं नाही.

मला काय आवडलं

अडीच महिन्यांनी संशोधकांनी नियंत्रण गटातले उरलेले तेरा जण पुन्हा एकत्र केले, त्यांना दुसरं नवं काम दिलं, पण या वेळी पूर्ण सहभागाच्या पद्धतीने. तेच लोक पटकन सावरले. माझ्या मते निबंधातला सगळ्यात मोलाचा भाग हा आहे. प्रतिकार हा जर माणसाचा स्वभाव असता, तर तो अडीच महिन्यांत गेला कुठे? म्हणजे स्वभाव मोजणारी प्रश्नावली घेऊन फिरण्यात अर्थ नाही, हे १९४८ मध्येच दिसलं होतं.

दुसरी गोष्ट सारांशांत हमखास गळते. नियंत्रण गटाला काय सांगितलं होतं? आपल्याला वाटतं, काहीच नाही. तसं नव्हतं. त्यांची बैठक झाली. स्पर्धेमुळे बदल गरजेचा आहे हे सांगितलं. नवा दर कसा काढला ते वेळ-अभ्यास करणाऱ्याने नीट समजावलं. त्यांच्या प्रश्नांना उत्तरं दिली. थांबा, पुन्हा वाचा. बैठक, कारण, स्पष्टीकरण, शंकासमाधान. आपल्याकडे यालाच ‘एक दिवसीय प्रशिक्षण’ म्हणतात! आपण ज्याला उपाय समजून प्रबंधाच्या शिफारशींत लिहितो (‘कर्मचाऱ्यांना पुरेसे प्रशिक्षण द्यावे’), ते या प्रयोगात नियंत्रण गटाच्या वाट्याला आलेलं होतं.

कुठे खटकतं

पहिलं, तुलना. एक गट इस्त्री करणारा, एक घडी घालणारा, दोन तपासणारे. काम वेगळं, गटाचा आकार वेगळा. आठ जणांच्या गटाला अठरांच्या गटाशेजारी ठेवून फरक फक्त सहभागाचा आहे असं म्हणता येत नाही. विज्ञान शाखेतून आलेल्या कुणालाही हे लगेच दिसेल. तेरा जणांच्या दुसऱ्या प्रयोगामुळे ही उणीव थोडी भरते, पूर्ण नाही. अडीच महिन्यांत राहिलेले तेरा हे ‘टिकलेले’ लोक होते, सोडून गेलेले त्यात नव्हते.

दुसरं, सहभाग कशात? सहभागी गटांपुढे दोन सारखे दिसणारे कपडे ठेवले. एक १९४६ चा, एक १९४७ चा, आणि पहिला दुप्पट किमतीला विकलेला. स्वस्त कोणता ते ओळखा, असं विचारलं. कुणालाच ओळखता आलं नाही. खर्च कमी करायला हवा हे मग सगळ्यांनी मान्य केलं. प्रात्यक्षिक छान आहे, पण बघा, खर्च कमी करायचा हे आधीच ठरलेलं होतं. कामगारांना ‘कसं’ विचारलं, ‘करायचं का’ हे कधीच विचारलं नाही. निबंध याला सहभाग म्हणतो आणि पुढे जातो.

तिसरं, नियंत्रण गटाने दराबद्दल तक्रारी केल्या. तपासल्यावर दर थोडा सैलच निघाला. म्हणजे तक्रार खोटी होती का? लेखकांचा सूर तसा आहे. मला वाटतं, माणूस ज्या गोष्टीची तक्रार करायची सोय असते तिची तक्रार करतो. दराबद्दल अर्ज करता येतो. ‘मला कुणी विचारलं नाही’ याचा अर्ज कुठे करायचा?

चौथं, शीर्षक. ‘मात’ कुणावर? शीर्षक वाचतानाच ठरून जातं की बदल बरोबर आहे आणि अडथळा कामगार आहे. निबंधाचा पुरावा उलट दिशेला बोट दाखवतो, की अडथळा बदल करण्याच्या पद्धतीत होता. पण पुढच्या पिढ्यांनी पुराव्यापेक्षा शीर्षक जास्त उचललं. माझ्या प्रश्नावलीत आलं ते हेच शीर्षक.

हे एकट्याचं मत समजू नका. फ्रेंच यांनीच दोन सहकाऱ्यांबरोबर नॉर्वेतल्या एका बुटांच्या कारखान्यात हा प्रयोग पुन्हा करून पाहिला, तो १९६० मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे सहभागामुळे उत्पादनात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. ज्या बाबतीत मत विचारलं ती कामाला कितपत भिडते, आणि असं विचारणं कामगारांना रास्त वाटतं का, यावर परिणाम अवलंबून असतो, असा त्यांचा रोख होता. पहिला प्रयोग उद्धृत करणाऱ्या प्रत्येकाने हा दुसराही सांगायला हवा. आपलाच निकाल पुन्हा तपासून, तो तसाच आला नाही तरी छापला, याबद्दल फ्रेंच यांना मी मानते.

दवाखान्यात हा निबंध किती चालतो?

कारखान्यात ताशी नग मोजता येतात. गरीब गाय खोड्यात निमूट उभी राहते, दोन मिनिटांत बिल्ला लागतो. मारका बैल असेल तर वेसण धरायला दोघं लागतात आणि अर्धा तास जातो. त्या दिवशी ड्रेसरने वीस जनावरं केली की पाच, यावरून त्याची वृत्ती कळत नाही.

पायजम्याच्या कारखान्यात परवान्याची रेघही नव्हती. इथे कलम ३० आहे. पर्यवेक्षकाला ‘तुम्ही ठरवा’ म्हणताना काय ठरवायची मुभा आहे हे कायद्याने बांधलेलं असतं, आणि चुकलं तर जबाबदारी कुणाची हेही त्यातून येतं. त्याचा सावधपणा तुमच्या श्रेणीत ‘प्रतिकार’ म्हणून मोजला गेला, तर तुम्ही कायदा पाळणाऱ्याला गुण कापताय.

शिवाय मॅरियनमध्ये बदल करणारे तिथेच बसलेले होते. ॲपमध्ये कोणते रकाने असावेत हे मेहकरच्या दवाखान्यात ठरत नाही. दवाखाना प्रमुखांच्या हातात जे नाही, ते हाताखालच्यांना वाटून देता येत नाही. मग सहभाग कशात असेल? गावं कोणत्या क्रमाने करायची, जनावर कुणी धरायचं, क्रमांक कुणी वाचायचा, नोंद तिथेच करायची की आधी वहीत लिहून रेंज आल्यावर चढवायची, शीतपेटी कुणाकडे राहील, यात. हे छोटे निर्णय आहेत. पण ‘डोकं धरू का मोबाइल धरू’ या प्रश्नाचं उत्तर त्यांच्यातच आहे.

हिवरा आश्रमची विवेकानंद जन्मोत्सवातली महापंगत तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. हजारो माणसं ओळीने बसतात, पुऱ्या आणि वांग्याची भाजी ट्रॅक्टरमधून येते. पंगत करायची की नाही हे वाढणारा पोरगा ठरवत नाही. पण ओळ कुठे तुटते, भाजी कुठे मागे पडते, हे त्यालाच आधी कळतं. संशोधकाने त्याला ‘तुम्ही पंगतीच्या पद्धतीबाबत कितपत समाधानी आहात’ असं विचारून काय हाती लागणार?

आणि एक माणूस या सगळ्या वाङ्मयात नाहीच, तो म्हणजे जनावराचा मालक. ब्रिटनमध्ये जे काम नर्स करते त्यातलं अर्धं आपल्याकडे शेतकरी करतो. दावं तो धरतो, घरी नेऊन जखम तो किंवा घरातली बाई धुते, औषध तेच पाजतात. आपल्या दवाखान्याच्या ‘टीम’मध्ये त्याला न मोजता केलेला अभ्यास अर्धवट राहील. माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये तो नव्हता.

२०२२ ची गोष्ट

ऑगस्ट २०२२ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यात चिनावलला लम्पी त्वचारोग दिसला आणि थोड्याच दिवसांत आपल्या बुलडाणा जिल्ह्यालाही जोरात फटका बसला. रोग नवा, शेळ्यांच्या देवीची लस गाईगुरांना देण्याची रीत नवी, गोठ्यागोठ्यात जाऊन टोचायचं वेळापत्रक नवं. ज्या कर्मचाऱ्यांना पुढे ‘बदल नको असलेले’ म्हटलं गेलं, त्यांनीच हा बदल काही दिवसांत अंगावर घेतला. आमच्या एका गाईच्या अंगावर गाठी आल्या होत्या. लस टोचायला आलेले काका रात्री आठ वाजता, बॅटरीच्या उजेडात, शेजारच्या गोठ्यातली निरोगी जनावरं करत होते.

मॅरियनच्या तेरा जणांसारखंच हे उदाहरण मला वाटतं: माणसं तीच, बदलाला प्रतिसाद वेगळा. पण इथेच हात आवरायला हवा. २०२२ मध्ये आणीबाणी होती, आंतरवासितेतले विद्यार्थी आणि खासगी मंडळीही मदतीला होती, आणि मोहीम संपणार हे ठाऊक होतं. नोंदीचं काम रोजचं आहे, त्याला शेवट नाही. त्यामुळे ‘कारण डोळ्यांसमोर दिसलं म्हणून बदल स्वीकारला’ हे माझं गृहीतक आहे, निष्कर्ष नाही. ते तपासायला मला अजून वर्षभर तरी फिरावं लागेल. तुमच्या प्रबंधात अशी जागा आली की तिथे ‘गृहीतक’ हाच शब्द लिहा.

तुम्ही काय कराल?

‘प्रतिकार’ हा चल ठेवायचाच असेल तर विधान लिहिण्याआधी स्वतःला चार प्रश्न विचारा. बदल नेमका कोणत्या हालचालीत झाला, म्हणजे काल हात काय करत होते आणि आज काय करतात? तो बदल कुणी ठरवला आणि समोरच्या माणसाच्या हातात त्यातलं किती आहे? चुकलं तर भरपाई कोण करतं? आणि ‘अडचण आहे’ हे उत्तर आलं, तर ती अडचण मनातली की कामातली, हे तुमच्या प्रश्नावरून वेगळं काढता येतं का?

माझं जुनं विधान मी काढून टाकलं. त्याऐवजी आता विचारते: “मागच्या वेळी बिल्ला लावला तेव्हा जनावर कुणी धरलं होतं? नोंद कुणी केली, कधी केली, कुठे बसून केली? क्रमांक चुकला तर काय करता?” याला पाच बिंदूंची श्रेणी लागत नाही, वही लागते. विश्लेषणाला वेळ जास्त लागतो आणि तक्ता देखणा होत नाही. मार्गदर्शकांना हे पटवायलाही दोन बैठका गेल्या. पण पायलटमध्ये ज्यांना मी प्रतिकार करणारे ठरवलं होतं, त्यांच्यातले काही जण नोंदींच्या वह्या सगळ्यात नीट ठेवणारे निघाले.

ड्रेसरकाकांची वहीही मी पाहिली. शंभर पानी, कडेला रेघा मारलेल्या. बारा अंकी क्रमांक, मालकाचं नाव, तारीख, लस. रेंज आली की पर्यवेक्षक त्यातून ॲपमध्ये चढवतात. ही पद्धत त्यांना कुणी शिकवलेली नाही, दोघांनी मिळून बसवली. माझ्या पहिल्या प्रश्नावलीत त्या वहीसाठी एकही रकाना नव्हता.

तेव्हा कॉच आणि फ्रेंच मूळातून वाचा. वीस-एकवीस पानांचा निबंध आहे, एका संध्याकाळी होतो. वाचताना नियंत्रण गटाच्या बैठकीचा परिच्छेद पेन्सिलने खूण करून ठेवा, आणि मग तुमच्या सिनॉप्सिसमधलं ते वाक्य काढून बघा. त्याचं काय केलंत ते मला जरूर कळवा.